रोज सकाळी बाख

चेलो म्हटलं की आजही पहिलं नाव निघतं ते पाब्लो कासाल्स यांचं. चेलो म्हणजे व्हायोलिनचं मोठं भावंड. खुर्चीत बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. मला मात्र त्यांच्या कीर्तीपेक्षा त्यांच्या म्हातारपणाबद्दल सांगायचंय.

कासाल्स यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ चा, स्पेनमधल्या कातालोनियातल्या एल वेंद्रेल गावचा. वडील तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. पाब्लो पाचव्या वर्षीच चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागले. तेरा वर्षांचे असताना बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांना बाखच्या सहा सुइट्सची स्वरलिपी सापडली. एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या या रचना. त्यांनी सुमारे १२ वर्षं त्यांचा रियाज केला आणि मगच त्यातली एक मैफलीत वाजवली.

१९३९ मध्ये स्पेनवर फ्रँकोची हुकूमशाही आली. कासाल्स सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या प्राद गावात राहून निर्वासितांना मदत करू लागले. महायुद्ध संपलं तरी फ्रँको सत्तेवरच राहिला. जगाने त्याला चालवून घेतलं, म्हणून निषेध म्हणून कासाल्स यांनी जाहीर वादनच थांबवलं. १९५० मध्ये बाखच्या मृत्यूला २०० वर्षं झाली, तेव्हा प्रादमध्येच ते पुन्हा श्रोत्यांसमोर बसले. वय ७३!

पुढे ते पोर्तो रिकोला, आईच्या जन्मभूमीत, राहायला गेले. तिथे १९५७ मध्ये तालमीच्या वेळी हृदयविकाराचा झटका आला. त्यातूनही ते उठले.

नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी पाहिलेली सकाळ मला विसरता येत नाही. कासाल्स वाकून, पाय ओढत खोलीत आले. श्वास जड, हात सुजलेले, बोटं आखडलेली. नाश्त्याआधी ते पियानोपाशी बसले. हळूहळू बोटं मोकळी झाली, पाठ सरळ झाली, श्वास सैल झाला. आधी बाख, मग ब्राम्स. उठले तेव्हा चाल बदललेली होती. नीट नाश्ता केला आणि समुद्रकाठी फिरायला गेले.

यात चमत्कार नाही. संधिवात बरा झाला नव्हता. काही तासांनी शरीर पुन्हा आखडायचंच. पण अनेक दशकं रोज सकाळी बाख वाजवायची सवय होती. त्या बोटांना काय करायचं ते पाठ होतं, आणि मनाला उठायला कारण होतं. दुखणं तेच राहिलं, दिवस मात्र दुखण्याचा राहिला नाही.

१९७१ मध्ये, ९४ व्या वर्षी, त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात चेलोवर पक्ष्यांचं कातालान नाताळगीत वाजवलं. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी, ९६ व्या वर्षी, ते गेले.

आपण घरातल्या म्हाताऱ्यांना प्रेमानेच सांगतो, आता आराम करा. गायकवृंदातली जागा सोडा, पेटी तरुणांना द्या, भजनाला एवढ्या लांब कशाला जाता. गोळ्या मात्र वेळेवर देतो. मला वाटतं, औषध द्यावंच. पण त्यांच्या हातातली पेटी काढून घेताना दोनदा विचार करावा. कदाचित तेवढ्यासाठीच ते सकाळी उठत असतील.