विश्लेषण : संघाला गोलंदाज हवा होता, मग वाद कशावरून झाला? पालवणकर बाळू यांची गोष्ट

धान कापून झालं, बांध्या रिकाम्या झाल्या की मोहाडी-तुमसर पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटचे दिवस येतात. संघ ठरवताना वाद ठरलेला असतो. आणखी एक फटकेबाज घ्यायचा की चेंडू नीट टाकणारा एखादा पक्का गोलंदाज? बहुतेक वेळा फटकेबाज जिंकतो, कारण त्याचे षटकार सगळ्यांना दिसतात. गोलंदाजाची किंमत सामना हातातून गेल्यावर कळते.

सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या हिंदू संघापुढे हाच प्रश्न होता. फलंदाज होते, पण इंग्रजांना बाद करू शकेल असा गोलंदाज नव्हता. असा गोलंदाज त्याच शहरात, इंग्रजांच्याच क्लबच्या मैदानावर रोलर ओढत होता. तरीही त्याला घ्यावं की नाही यावर खल झाला, कारण तो चांभार समाजातला होता. त्याचं नाव पालवणकर बाळू.

कोण होते पालवणकर बाळू?

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, गावावरून आडनाव पालवणकर. वडील लष्करात नोकरीला असल्यानं बालपण पुण्यात गेलं. बाळू थोरले. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही पुढे क्रिकेटपटू झाले. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. या कुटुंबाबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंच त्या पुस्तकामुळे टिकलं. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर पुस्तक लिहिलं, तेव्हा बाळू पुन्हा चर्चेत आले.

पहिली नोकरी पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबमध्ये. काम खेळपट्टी झाडण्याचं आणि रोलर फिरवण्याचं, पगार महिन्याला ३ रुपये. अधूनमधून सदस्यांना सरावासाठी चेंडू टाकायला मिळत. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये लागले. तिथे ४ रुपये. जाळी लावायची, खेळपट्टी तयार करायची, रेषा आखायच्या आणि वेळ मिळाला की साहेबांना गोलंदाजी करायची.

रोलर ओढणारा मुलगा गोलंदाज कसा झाला?

पूना क्लबमध्ये ग्रेग नावाचा कॅप्टन होता. त्या काळातला नावाजलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. एकदा बाद केलं की आठ आणे बक्षीस देई, असं सांगितलं जातं. किस्सा खरा असो-नसो, हिशेब सोपा आहे. महिन्याचा पगार ४ रुपये असेल, तर आठ वेळा ग्रेगला बाद केलं की आणखी एक पगार.

बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. चेंडू दोन्ही बाजूंना वळवायचे, वेग कमी-जास्त करायचे आणि टप्पा क्वचित चुकवायचे. तेव्हा खेळपट्ट्या झाकल्या जात नसत. पाऊस पडून ऊन आलं की पृष्ठभाग बदलायचा आणि फिरकीला मदत मिळायची. त्यात हा गोलंदाज स्वतः खेळपट्टी तयार करणारा. चेंडू कुठे पडला की काय करेल, हे त्याला रोलरच्या दांड्यावरूनच कळत असणार.

पण एक गोष्ट त्या क्लबनं दिली नाही. हजारो चेंडू टाकून घेतले, बॅट मात्र कधी हातात दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची, गोलंदाजी नोकरांची, अशी ती विभागणी होती. पुढे प्रथम श्रेणीत बाळूंची फलंदाजीची सरासरी १४ च्या खाली राहिली. ती वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

संघात घेण्यावरून नेमका वाद काय झाला?

पुण्यातल्या हिंदू संघाची चुरस याच पूना क्लबच्या इंग्रजांशी होती. बाळूंना घ्यावं असं संघातल्या काही तेलुगू खेळाडूंचं मत होतं, काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. दोन्ही बाजूंना बाळूंच्या गोलंदाजीबद्दल शंका नव्हती. विरोध होता तो त्यांच्यासोबत एका संघात राहण्याला. शेवटी ग्रेगनंच या वादात भाग घेतला. असा गोलंदाज दवडणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचं मत त्यानं जाहीरपणे मांडलं. आपल्याच क्लबच्या प्रतिस्पर्ध्याला बळकट करणारा सल्ला होता तो. कदाचित रोज नेटमध्ये खेळलेल्या गोलंदाजाला खऱ्या सामन्यात खेळून बघायचं असेल.

बाळूंची निवड झाली, पण ती मैदानापुरती होती. सामना सुरू असताना त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचं असेल तर अस्पृश्य समाजातलाच नोकर पाणी आणून देई. जेवणाचं ताट वेगळं, टेबलही वेगळं. थोडक्यात, संघाला बाळूंचा डावा हात हवा होता.

साताऱ्यात काय घडलं?

संघानं इंग्रजांना हरवायला सुरुवात केली आणि वादाचा सूर बदलला. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला, असं सांगतात. बाळूंनी ७ बळी घेतले आणि पुणेकर आरामात जिंकले. गावकऱ्यांनी बाळूंची हत्तीवरून मिरवणूक काढली. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांचं कौतुक केलं. बाळूंसोबत खेळता येत असेल तर त्यांच्यासोबत खायला-प्यायला काय हरकत आहे, असा रानडे यांचा रोख होता.

मुंबईत परिस्थिती बदलली का?

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला गेले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला काही सदस्यांनी विरोध केला. कर्णधार कीर्तिकर यांनी समजूत काढल्यावर ते संघात आले. उपजीविकेसाठी पुढे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा बहुचर्चित सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियन १९१ आणि १०२ वर आटोपले. विजय १०९ धावांचा, बाळूंचे सामन्यात ८ बळी. धाकटे बंधू शिवरामही या संघात होते. ज्या चहावरून पुण्यात वेगळी भांडी मांडली गेली, तो मुंबईच्या संघात तोवर एकत्र होऊ लागला होता. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी विजयाइतकीच या गोष्टीचीही दखल घेतली.

इथे थोडं गणित. बाळू ३३ प्रथम श्रेणी सामने खेळले आणि १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. म्हणजे दर सामन्यात साधारण साडेपाच बळी. सामना जिंकायला प्रतिस्पर्ध्याचे २० बळी लागतात. त्यातले चौथ्या हिश्श्याहून जास्त एकटा माणूस घेत होता. त्यांच्या पदार्पणाच्या वेळी वय तिशीकडे झुकलेलं होतं, हेही या आकड्यात धरायला हवं.

इंग्लंड दौऱ्यात काय केलं?

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. मेजवान्या आणि भेटीगाठींत ते इतके गुंतले की बहुतेक सामन्यांना मैदानावर नव्हतेच. संघ सपाटून हरला. प्रथम श्रेणीचे १४ सामने झाले, त्यातले १० गमावले आणि २ जिंकले. पस्तिशीतले बाळू मात्र दुखऱ्या खांद्यानं सतत गोलंदाजी करत राहिले. सगळ्या सामन्यांत मिळून त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी, ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. इंग्लिश काउंटींनी त्यांना तिथेच खेळण्यासाठी विचारलं होतं, असंही सांगितलं जातं.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या समारंभात मानपत्राची जबाबदारी विशीतल्या भीमराव आंबेडकरांनी घेतली होती, असं गुहा नोंदवतात.

मग कर्णधारपद का नाही?

गोलंदाज म्हणून बाळूंच्या जागेवर आता कुणी वाद घालत नव्हतं. वाद वर सरकला होता. १९१० नंतर दरवर्षी हिंदू संघाचा कर्णधार निवडताना त्यांचं नाव निघायचं आणि दरवर्षी दुसऱ्या कुणाची तरी निवड व्हायची. कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी तर हा मान अनुभवानं मोठ्या असलेल्या बाळूंचा होता, असं स्वतःच जाहीर केलं.

१९२० मध्ये गोष्ट तुटेपर्यंत ताणली गेली. पै आजारी पडले. त्यांच्या जागी विठ्ठल यांना कर्णधार करतील असं वाटत होतं. ते पद दि. ब. देवधरांना मिळालं आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना संघातूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन स्पर्धेतून माघार घेतली. जातीमुळे डावलल्याचा त्यांचा आरोप उघड होता. वर्तमानपत्रांत आणि सभांत त्यावर रान उठलं. शेवटी तडजोड झाली. पै परत आले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केलं आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचं नेतृत्व केलं. त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द त्याच हंगामात संपली.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतलं.

बाळू राजकारणात कसे आले?

मैदान सुटल्यावर ते काँग्रेस आणि हिंदू महासभेच्या वर्तुळात गेले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांची भूमिका आंबेडकरांपेक्षा वेगळी होती. नागपूरचे बा. शि. मुंजे आणि एम. सी. राजा यांच्यात संयुक्त मतदारसंघांबाबत जो करार झाला, त्याला बाळूंचा पाठिंबा होता. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत.

भंडारा जिल्ह्यात १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक आजही चर्चेत निघते. आंबेडकर इथून उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. त्याच्या १७ वर्षं आधी, १९३७ मध्ये, मुंबई प्रांताच्या विधिमंडळ निवडणुकीत काँग्रेसनं आंबेडकरांसमोर उमेदवार दिला होता तो बाळूंना. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मतं पडली. एके काळी ज्यांच्या सत्कारासाठी आंबेडकर पुढे आले होते, तेच आता विरुद्ध बाजूला होते. बाळूंनी उमेदवारी मनापासून घेतली की काँग्रेस नेत्यांच्या आग्रहाखातर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मतांचं अंतर पाहिलं तर एका गोलंदाजाचं नाव निवृत्तीनंतरही किती चालत होतं, ते दिसतं.

बाळूंचं निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झालं. अंत्यसंस्काराला क्रिकेटपटू होते आणि दलित समाजातले पुढारीही.