चांदणं, वाटाणा आणि दादासाहेब

कोजागरीची रात्र. अख्खं हॉस्टेल गच्चीवर मसाला दुधाच्या पातेल्याभोवती गोळा झालेलं, आणि आम्ही चौघे मात्र भाट्याच्या किनाऱ्यावर. (रेक्टर सरांची रीतसर परवानगी काढून, बरं का!) सोबत एकाच्या काकांचा जुना डिजिटल कॅमेरा, एक डुगडुगणारा ट्रायपॉड आणि डोक्यात एकच खूळ: चांदण्यात रत्नदुर्गाचा फोटो काढायचा.

पहिला फोटो फ्लॅश मारून काढला. समोरची वाळू पांढरीफटक आणि किल्ला गायब! मग इंजिनीअरिंगला शिकतो याची आठवण झाली आणि वाळूवर काडीने गणित मांडलं. पौर्णिमेचं चांदणं उन्हापेक्षा साधारण चार लाख पटींनी मंद असतं. आयएसओ १०० आणि एफ-१६ वर भर उन्हात १/१०० सेकंद पुरतो. म्हणजे चांदण्यात लागणार ४००० सेकंद, तासाहूनही जास्त! भिंगाचं तोंड एफ-४ पर्यंत उघडलं तर सोळापट उजेड आत येतो. मग उरतात २५० सेकंद, चार मिनिटं आणि वर थोडी.

चार मिनिटं म्हणजे काय हो? मेसच्या रांगेत आपण याहून जास्त उभे राहतो. पण अंधारात, ट्रायपॉडला धक्का न लावता, खोकलासुद्धा दाबून चार मिनिटं थांबणं म्हणजे शिक्षाच. दोघांनी कंटाळून किनाऱ्यावर फेऱ्या मारायला सुरुवात केली. शटर बंद झालं आणि स्क्रीनवर चित्र उमटलं तेव्हा मात्र सगळे गप्प. आकाश दिवसासारखं निळं. किल्ल्याची कड स्वच्छ. लाटांचं धुकं झालेलं. आणि तारे ठिपक्यांसारखे नव्हे, तर बारीक रेघांसारखे, कारण तेवढ्या वेळात पृथ्वी जवळजवळ एक अंश फिरली होती. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते कॅमेऱ्याने नुसतं थांबून गोळा केलं होतं.

परत येताना एकाने कुरकुर केली की एका फोटोपायी एवढा वेळ घालवणं परवडत नाही. तेव्हा मला धुंडिराज गोविंद फाळके आठवले. आपण त्यांना क्विझच्या उत्तरापुरते ओळखतो : भारतीय चित्रपटाचे जनक, पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’, साल १९१३, दोन मार्क. पण कॅमेऱ्यासमोर थांबणं म्हणजे काय हे कळण्यासाठी त्यांच्या त्याआधीच्या आयुष्याकडे बघायला हवं.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. पोराने वेद म्हणावेत अशा घरातला हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. १८९० मध्ये त्याच्या हाती कॅमेरा आला. तेव्हापासून फोटो काढणं, प्लेट धुणं, प्रिंट करणं, ब्लॉक बनवणं असा उजेड आणि रसायनांशी जो संसार सुरू झाला तो कायमचा. आजच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस एकाच वेळी आर्ट्स, केमिकल आणि मेकॅनिकल अशा तिन्ही ब्रँचचा विद्यार्थी होता.

पण नशीब साथ देईना. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. जरा बस्तान बसतंय तोवर प्लेगची साथ आली आणि पहिली पत्नी व मूल दोघंही गेली. गाव सोडून ते बडोद्याला आले. तिथे नवीच अडचण! कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक फिरकेना. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. चांगली सरकारी नोकरी! पण स्वदेशीचं वारं अंगात शिरलं आणि तीही सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, तो पुढे दादरला हलवला. १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन छपाईचं नवं तंत्र बघून आले. छपाईत नाव झालं, आणि मग भागीदारांशी बिनसलं. चाळिशी उलटलेली, घरात लहान मुलं आणि हातात काही नाही.

अशा वेळी, १९११ च्या सुमारास, गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालायला लागले. झालं! तेव्हापासून जमेल तो सिनेमा बघायचा, घरी येऊन विचार करायचा, प्रयोग करायचे आणि झोपेला रजा द्यायची. याचा परिणाम डोळ्यांवर झाला. एक वेळ अशी आली की त्यांना दिसेनासंच झालं. विचार करा, ज्याने आयुष्यभर उजेडाशी खेळायचं ठरवलं त्याच्याच पुढे अंधार! डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. दुसरा कोणी असता तर देवाला नारळ फोडून घरी बसला असता. हे गृहस्थ विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ या चित्रपटकर्त्याच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये परतले.

याच दिवसांतली वाटाण्याची गोष्ट. सिनेमाला पैसा लावणारा कोणी मिळेना. कोण लावणार? चलच्चित्र इथे बनू शकतं यावरच कुणाचा विश्वास नव्हता. मग दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवला. दाण्याला अंकुर फुटला, तो वर आला, पानं उघडली, वेल चढला, आणि हे सगळं थोडं थोडं करून एकेक चौकट टिपत त्यांनी फिल्मवर घेतलं. महिनाभराहून अधिक काळ. तयार झालेली फिल्म चालली जेमतेम एक मिनिट! त्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी धरत. म्हणजे मिनिटाला ९६०, आणि महिन्याचे दिवस ३० धरले तर रोजच्या ३२ चौकटी. ना कॅमेरा हलता कामा, ना कुंडी, ना एखादा दिवस चुकता कामा. घर पोरांनी भरलेलं असताना, दादरमध्ये! ही फिल्म पाहिल्यावर पैसेवाल्यांचा धीर आला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ती ओळखली जाते.

आमच्या चांदण्याच्या फोटोचं आणि या वाटाण्याचं तत्त्व एकच. डोळ्याला जे दिसत नाही, कारण ते फार मंद आहे किंवा फार सावकाश आहे, ते थांबलेल्या कॅमेऱ्याला दिसतं. आम्ही उजेड साठवला, त्यांनी वेळ साठवला.

गंमत अशी की पुढे सिनेमात त्यांना याच्या बरोबर उलट करावं लागलं. हँडल फिरवायच्या कॅमेऱ्यात एका चौकटीला सेकंदाचा तिसावा हिस्साच उजेड मिळतो. चांदण्यात तेवढ्याने काय उमटणार? म्हणून सगळं काम लख्ख उन्हात. मूकपटांच्या काळात रात्रीचे प्रसंगही बहुधा दिवसाच घेत आणि नंतर फिल्म निळी रंगवत. पडद्यावरचं ते चांदणं म्हणजे खरं तर ऊनच!

‘राजा हरिश्चंद्र’च्या मागे सरस्वतीबाई होत्या, हे मात्र क्विझमध्ये कोणी विचारत नाही. दागिने दिले ते त्यांनी. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडायचं काम अंधारातच करावं लागे. तेही त्या करायच्या. फिल्म धुवायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघायच्या. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला.

पुढे १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला, १९१८ मध्ये हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली, पुन्हा भागीदारांशी खटके, काशीला जाणं, परत येणं. बोलपट आला आणि मूकपटाचा राजा मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब गेले.

आता आपल्या मोबाईलमध्येही नाईट मोड आहे. दोन-चार सेकंद हात स्थिर धरा, बाकीचं फोन बघून घेतो. वापरा की, त्यात वाईट काही नाही. पण येत्या पौर्णिमेला एकदा आमच्याबरोबर भाट्याला या. शटर उघडून द्यायचं आणि चार मिनिटं काहीही करायचं नाही. सुरूच्या बनातून वारा येतो, खाडीपलीकडे गावाचे दिवे दिसतात, आणि आत कुठेतरी अंधारात चित्र हळूहळू भरत असतं. तेव्हा कुंडीसमोर बसलेला तो माणूस आठवा. नुकतीच परत मिळालेली नजर एका वाटाण्यावर लावून बसलेला.

आणि हो, येताना मसाला दुधाचा थर्मास विसरू नका!