खेळपट्टी सारवणाऱ्या हातांची फिरकी

भारतीय क्रिकेटच्या पहिल्या थोर फिरकी गोलंदाजाची सुरुवात मैदान झाडण्यापासून झाली, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार समाजातील कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये खेळपट्टी झाडणे व रोलर फिरवणे हे बाळू यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले. तेथे मैदानाच्या कामाबरोबरच नेट्समध्ये साहेबांना चेंडू टाकण्याची संधी त्यांना मिळाली. नामांकित फलंदाज ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत आणि आपला बळी घेतल्यास आठ आणे देत, असे सांगितले जाते. त्यातूनच डावखुऱ्या संथ गोलंदाजीला धार आली. फलंदाजी मात्र त्यांना क्वचितच करू दिली जाई.

पुण्याच्या हिंदू संघापुढे पेच होता. जिंकायचे तर बाळू हवेत. पण पंगतीला ते नकोत. अखेर त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर सहकारी त्याच चेंडूला हात लावीत, चहा मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई.

१८९६ च्या प्लेगनंतर ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी मात केली. त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचे बहुतेक सामने हरले, तरी बाळूंनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मायदेशी परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सोहळ्यात तरुण भीमराव आंबेडकर यांचाही सहभाग होता.

तरीही कर्णधारपद त्यांना लाभले नाही. गुणवत्ता निर्विवाद असूनही दरवर्षी सवर्ण खेळाडूचीच निवड होत राहिली. १९२० मध्ये बाळूंना संघातूनच वगळले गेले, तेव्हा त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून माघार घेतली. पुढे तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. जे त्यांना नाकारले गेले, ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. एकेकाळी ज्यांनी त्यांचा गौरव केला, त्यांच्याशीच हा सामना होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी टिपले. धावफलकाने त्यांना न्याय दिला; समाजाने तो देण्यास फार उशीर लावला.