जॉन हेन्री स्टील

जॉन हेन्री स्टील (इ.स. १८५५ – ८ जानेवारी, इ.स. १८९१) हे ब्रिटिश पशुवैद्य, प्राध्यापक व ग्रंथकार होते. मुंबईतील परळ येथे २ ऑगस्ट, इ.स. १८८६ रोजी सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य होत. घोडे, खेचरे, उंट व कुत्रे यांना होणाऱ्या सर्रा या परजीवी रोगाच्या जंतूला पहिले शास्त्रीय नाव त्यांनी दिले. त्या जंतूचे त्यांनी केलेले वर्गीकरण चुकीचे ठरले. मात्र रोगाच्या उलटसुलट चालीबद्दल त्यांनी नोंदवलेले निरीक्षण अचूक होते. त्या चालीचे कारण रोगी प्राण्याच्या रोगप्रतिकारशक्तीत दडलेले आहे, हे त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी स्पष्ट झाले.

शिक्षण व अध्यापन

स्टील यांचे शिक्षण लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमध्ये झाले. पुढे त्याच संस्थेत त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले. घोड्याच्या शरीररचनेवरील त्यांचे पुस्तक इ.स. १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. इ.स. १८८१ मध्ये गाई-बैलांच्या रोगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. यानंतर त्यांनी लष्कराच्या पशुवैद्यक विभागात प्रवेश केला व ते भारतात आले.

भारतातील पशुरोगांची नोंद तेव्हा विखुरलेली होती. लष्करी पशुवैद्य आपापल्या छावणीतील अनुभव अहवालांत लिहीत, पण ते एकत्र वाचावयास मिळत नसत. ही उणीव दूर करण्यासाठी स्टील यांनी फ्रेडरिक स्मिथ यांच्यासमवेत इ.स. १८८२ मध्ये पशुवैद्यक विषयाला वाहिलेले एक त्रैमासिक सुरू केले.

सर्रा रोग व ब्रह्मदेशातील तपास

इ.स. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याला पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे सर्रा झालेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव आढळले. आजारी जनावराचे रक्त टोचून हा रोग निरोगी घोड्यात व कुत्र्यात उतरवता येतो, हेही त्यांनी दाखवले. हे सूक्ष्म जीवच रोगाचे कारण असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वरिष्ठ वैद्यकीय वर्तुळाने तो मान्य केला नाही. टिमथी लुईस यांनी इ.स. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या उंदरांच्या रक्तात तसेच जीव पाहिले होते आणि ते उंदीर धडधाकट होते. त्यामुळे रक्तात असे जीव सापडणे म्हणजे रोग नव्हे, अशी समजूत रूढ होती.

पुढे ब्रिटिश ब्रह्मदेशातील लष्करी वाहतुकीची खेचरे एका अनाकलनीय रोगाने मरू लागली. त्याच्या तपासाचे काम स्टील यांच्याकडे आले. त्यांचा अहवाल इ.स. १८८५ चा आहे. खेचरांना ताप चढे, रक्तात जंतू दिसू लागत. मग ताप उतरे, जंतू दिसेनासे होत आणि जनावर सावरल्यासारखे वाटे. काही दिवसांनी ताप पुन्हा उसळे व जंतूही परत येत. प्रत्येक फेरीगणिक जनावर अधिक खंगत जाई व अखेरीस मरे. हा रोग म्हणजे इव्हान्स यांनी वर्णिलेला सर्राच असावा, असे मत स्टील यांनी मांडले. इव्हान्स यांचा दुर्लक्षित अहवालही त्यांनी आपल्या अहवालासोबत पुन्हा छापला.

अशा उलटणाऱ्या तापाचे एक उदाहरण मुंबईत ताजे होते. इ.स. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात शहरात माणसांमध्ये पुनरावर्ती तापाची साथ पसरली होती. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू पाहिले व इ.स. १८८२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. खेचरांच्या तापाची चाल याच तापाशी जुळते, हे स्टील यांनी ओळखले. त्यावरून दोन्हींचे जंतू एकाच वर्गातले असावेत, असा तर्क करून त्यांनी सर्राच्या जंतूचे नाव 'स्पायरोकीटा इव्हान्साय' असे ठेवले. नावाचा दुसरा भाग इव्हान्स यांच्या सन्मानार्थ होता.

हा तर्क चुकीचा होता. पुनरावर्ती तापाचे जंतू हे जिवाणू आहेत, तर सर्राचा जंतू कशाभिका असलेला एकपेशीय प्राणी आहे. एडगर क्रूकशँक यांनी इ.स. १८८६ मध्ये त्याची रचना तपासून तो स्पायरोकीट नसल्याचे दाखवले. इ.स. १८८८ मध्ये बाल्बियानी यांनी त्याला ट्रिपॅनोसोमा या प्रजातीत आणले. तेव्हापासून त्याचे नाव 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय' असे आहे. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार या नावापुढे कंसात स्टील यांचे नाव व १८८५ हे वर्ष आजही लिहिले जाते. कंसाचा अर्थ असा, की जातीला नाव यांनी दिले, पण प्रजाती पुढे बदलली.

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय

सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे बाई सक्करबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले होते. त्याच्या जोडीला पशुवैद्यकाचे शिक्षण देणारी संस्था काढण्यात आली आणि तिची धुरा स्टील यांच्याकडे सोपवण्यात आली. रुग्णालय शेजारीच असल्यामुळे विद्यार्थ्यांना पुस्तकी अभ्यासाबरोबर प्रत्यक्ष आजारी जनावरे पाहण्याची संधी मिळाली. घोडे व बैल यांच्या बरोबरीने शहरातील कुत्रेही तेथे उपचारासाठी येत.

अध्यापनाच्या व रुग्णालयाच्या कामात स्टील यांचे लेखन थांबले नाही. हत्तीच्या रोगांवरील पुस्तक (१८८५), कुत्र्याच्या रोगांवरील ग्रंथ (१८८८) व उंटाच्या रोगांवरील पुस्तक (१८९०) ही त्यांची भारतातील कामगिरी होय. मेंढीच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथही इ.स. १८९० मध्येच प्रसिद्ध झाला. कुत्र्यावरील ग्रंथ त्यांनी पशुवैद्यकाचे विद्यार्थी व व्यावसायिक यांच्यासाठी लिहिला होता.

मृत्यू

८ जानेवारी, इ.स. १८९१ रोजी, पस्तिशीच्या आसपास असतानाच, स्टील यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स या संस्थेने स्मृतिपदक सुरू केले. ते ज्या सुमारास वारले, त्याच काळात पुण्यात नव्याने स्थापन झालेल्या शाही जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेत आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावरील संशोधन हाती घेतले. ही प्रयोगशाळा इ.स. १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली व आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे ते मूळ ठरले. इ.स. १९०१ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी गोमाश्यांसारख्या चावऱ्या माश्या हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, हे प्रयोगाने दाखवले.

निरीक्षणाचा पुढील उलगडा

ताप का उतरतो व पुन्हा का चढतो, हे सांगण्याची साधने स्टील यांच्या हयातीत नव्हती. रक्तात रोगाविरुद्ध संरक्षक द्रव्ये तयार होतात, हे बेरिंग व कितासातो यांनी इ.स. १८९० च्या डिसेंबरात, म्हणजे स्टील यांच्या मृत्यूच्या अगदी काही आठवडे आधी, जाहीर केले. ट्रिपॅनोसोमाच्या अंगावर प्रथिनाचे दाट आवरण असते, हे कीथ व्हिकरमन यांनी इ.स. १९६९ मध्ये दाखवले.

प्राण्याचे शरीर या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. प्रतिपिंडांनी बहुसंख्य जंतू नष्ट होतात व ताप उतरतो. मात्र काही थोड्या जंतूंनी तोवर आवरण बदललेले असते. जुनी प्रतिपिंडे त्यांना ओळखत नाहीत. ते वाढतात आणि ताप परत येतो. आवरण बदलण्यासाठी लागणाऱ्या जनुकांचा मोठा साठा जंतूजवळ असल्याने हा क्रम दीर्घकाळ चालू राहतो. याच कारणामुळे सर्रावर अद्याप परिणामकारक लस बनू शकलेली नाही.

पुनरावर्ती तापाचे जिवाणूही आपल्या पृष्ठभागावरील प्रथिने बदलून हीच युक्ती योजतात. दोन्ही जंतू एकमेकांचे नातलग नाहीत, तरीही त्यांचा शरीराशी चाललेला झगडा सारखा आहे. स्टील यांनी तापाच्या चालीवरून जंतूचे कुळ ठरवले, ही त्यांची चूक झाली. परंतु त्या दोन चाली सारख्या आहेत, हे त्यांचे म्हणणे टिकले.

कुत्र्यांमधील सर्रा

कुत्र्यांमध्ये हा रोग बहुधा तीव्र असतो आणि उपचार न मिळाल्यास काही आठवड्यांत मृत्यू ओढवू शकतो. माश्यांच्या चाव्याखेरीज रोगी जनावराचे ताजे मांस किंवा रक्त खाल्ल्यानेही कुत्र्याला लागण होते. उलटणारा ताप, रक्तक्षय, प्लीहा व लसिकाग्रंथींची वाढ, डोके व गळ्यावरील सूज ही लक्षणे दिसतात. बुबुळावरील पारदर्शक पडदा दुधाळ होणे हे विशेष लक्षण आहे. जंतूंइतकाच त्यांच्याविरुद्ध उठलेल्या प्रतिकाराचाही या हानीत वाटा असतो. प्रतिपिंडे व प्रतिजन यांचे संयुक्त पुंजके ऊतींमध्ये साचून दाह निर्माण करतात. तांबड्या पेशींना चिकटलेल्या प्रतिपिंडांमुळे शरीर स्वतःच त्या पेशी नष्ट करू लागते. एकामागून एक येणाऱ्या लाटांना तोंड देताना प्रतिकारयंत्रणा थकते. ट्रिपॅनोसोमाची लागण झालेल्या डुकरांना दिलेली स्वाइन फीवरची लस पुरेसा परिणाम करत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे.

निदानातही हीच अडचण येते. ताप उतरलेला असताना घेतलेल्या रक्तात जंतू न सापडण्याची शक्यता असते. म्हणून वारंवार रक्त तपासणे किंवा प्रतिपिंडांची चाचणी घेणे आवश्यक ठरते. परंतु बरे झाल्यावरही प्रतिपिंडे काही काळ रक्तात राहतात. त्यामुळे केवळ चाचणीवरून चालू लागण सिद्ध होत नाही.

माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचे प्रथिन असते. ते ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायला मारून टाकते, म्हणून माणसाला सहसा सर्रा होत नाही. कुत्र्याला हे संरक्षण नाही. या प्रथिनाचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण महाराष्ट्रात आढळले. इ.स. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा जंतू आढळला आणि त्याच्या शरीरात कार्यक्षम एपीओएल-१ तयार होत नसल्याचे पुढील तपासात दिसले. त्याच्यावर सुरामिन या औषधाने उपचार करण्यात आले. उलटणारा ताप या रुग्णातही होता.

गाई-म्हशींमध्ये जंतू अनेकदा लक्षणांविना राहतो. गोठा, घोडे आणि राखणीचे कुत्रे जेथे एकत्र असतात, अशा ठिकाणी याला महत्त्व आहे. पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत, शेळगावसारख्या गावांच्या परिसरात, असे पशुपालन परिचयाचे आहे. धडधाकट दिसणाऱ्या म्हशीपासून माशीमार्फत कुत्र्याला लागण होऊ शकते. त्यामुळे ताप येऊन गेलेला व डोळे दुधाळ झालेला कुत्रा सावरल्यासारखा वाटला, तरी त्याचे रक्त पुन्हा तपासणे इष्ट असते.