रंगांतून रोगाचा माग घेणारे डॉ. खानोलकर

नंदुरबारच्या एखाद्या वृद्धाच्या प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने काढलेला तुकडा तपासणीस जातो, तेव्हा कर्करोग आहे की नाही याचा निवाडा रंगवलेल्या काचपट्टीवरच होतो. हे विकृतिशास्त्र भारतात रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी येते.

१८९५ मध्ये जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

हे काम वरकरणी नीरस. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, मेणात बसवायचा, त्याचे अतिशय पातळ काप काढायचे आणि रंगवायचे. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी. मग सूक्ष्मदर्शकाखाली निर्णय. तो चुकला तर एक तर निरोगी अवयवावर शस्त्र चालते, नाही तर रोग मोकाट वाढतो.

खानोलकर मात्र काचपट्टीपाशी थांबले नाहीत. रोग त्याच जागी का उद्भवला, हा प्रश्न त्यांना छळत असे. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह भारतीय सवयींतून उद्भवणारे तीन कर्करोग जगापुढे मांडले. खैनी ओठाच्या आत धरून ठेवल्याने होणारा, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढल्याने टाळूला होणारा आणि धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी घासून कमरेवर होणारा. धोतर नेसणाऱ्या देशातही ही गोष्ट तोवर कोणी अशी मांडली नव्हती!

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडल्या. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही मोलाचे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद व पद्मभूषण असे मान त्यांच्याकडे चालत आले.

१९७८ मध्ये ते निवर्तले. पुढे प्रतिपिंडांवर आधारित रंजनपद्धती रूढ झाली. प्रोस्टेटच्या निरोगी ग्रंथिकांना पायाशी पेशींचा एक थर असतो. या पद्धतीत तो तपकिरी उमटतो. तो मुळीच दिसला नाही तर कर्करोगाचा संशय बळावतो. पण कोणत्या ग्रंथिकांची अशी परीक्षा घ्यायची, हे ठरवण्यासाठी आधी तीच जुनी निळी-गुलाबी काचपट्टी पाहावी लागते.