दुबईचे शेख बुट्टी आणि चारशे बंदुका

दुबईच्या खाडीवरून अब्रातून देरा ते बर दुबई असा प्रवास आजही काही मिनिटांत आणि अगदी थोड्या पैशांत होतो. या खाडीच्या दोन्ही तीरांवरील वस्ती बंदरपेठ म्हणून नावारूपाला येत होती, त्या काळात तिचा कारभार सहा वर्षे शेख बुट्टी बिन सुहैल अल मक्तूम यांच्या हाती होता. त्यांची कारकीर्द १९०६ ते १९१२ अशी अल्पकाळाची. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या शासकांची नावे अधिक घेतली जातात. मात्र शस्त्र कोणी बाळगावे, ते कोणी मोजावे आणि ते शोधण्यासाठी कोणाच्या घराचा उंबरठा कोणी ओलांडावा, या प्रश्नाचे दुबईला मोजावे लागलेले सर्वांत मोठे मोल त्यांच्याच काळात मोजले गेले. त्यासाठी त्यांचे चरित्र समजून घेणे अगत्याचे ठरते.

बुट्टी बिन सुहैल यांचा जन्म बनी यास टोळीसमूहातील अल बू फलासा या शाखेत झाला. १८३३ साली या शाखेतील काही शेकडो माणसे अबुधाबी सोडून दुबईच्या खाडीकाठी येऊन स्थिरावली आणि मक्तूम बिन बुट्टी हे तेथील शासक झाले. त्या वेळेपासून राज्यकारभार या घराण्याकडेच राहिला. हा किनारा तोवर ब्रिटिशांच्या तहांच्या चौकटीत आला होता. १८०९ आणि १८१९ मध्ये रास अल खैमावर ज्या आरमारी मोहिमा झाल्या, त्या मुंबईहूनच निघाल्या होत्या. १८२० चा सागरी तह, १८५३ चा कायमचा युद्धविराम आणि १८९२ चा अनन्य करार हे त्यानंतरचे टप्पे होत. बुशहर येथील ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. त्यानंतर तो हिंदुस्थान सरकारच्या थेट अधिकाराखाली गेला. अरबी किनाऱ्यावरील शेखांचे भवितव्य ज्या कागदांवर ठरत असे, त्यांतील पुष्कळसे कागद मुंबई, कोलकाता आणि सिमला येथील कचेऱ्यांतून फिरत असत.

फेब्रुवारी १९०६ मध्ये शेख मक्तूम बिन हशर यांचे निधन झाले आणि त्यांचे चुलतभाऊ बुट्टी गादीवर आले. त्यांच्या वाट्याला आलेले गाव वेगाने वाढत होते. शेख मक्तूम यांनी परदेशी व्यापाऱ्यांवरील करांचा भार हलका केला होता. त्याच सुमारास इराणच्या किनाऱ्यावरील लिंगे बंदरात जकातीचा काच वाढला. तेथील अनेक व्यापाऱ्यांनी आपले बस्तान दुबईला हलविले. ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट नियमितपणे दुबईला थांबू लागली. आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई हीच होती. चलन हिंदुस्थानी रुपयाचे होते. १९ ऑगस्ट १९०९ रोजी, शेख बुट्टी यांच्याच कारकिर्दीत, दुबईत हिंदुस्थानी टपाल खात्याचे कार्यालय उघडले आणि तेथे हिंदुस्थानचीच तिकिटे चालत. आज दुबईत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसाला हे वाचताना आपलेपणाचे नवल वाटावे, इतका तो संबंध घनिष्ठ होता.

या गावात बंदूक ही रोजच्या वावरातील वस्तू होती. पोलीसठाणे नव्हते, पगारी फौज नव्हती. शेखांची सत्ता त्यांच्या पदरी असलेल्या मोजक्या शस्त्रधारी माणसांवर आणि टोळ्यांच्या निष्ठेवर टिकून असे. वाळवंटातून उंट नेणाऱ्याला लुटारूंचे भय होते, खजूरबागेच्या मालकाला शेजारच्या टोळीचे. कमरेला खंजीर आणि खांद्यावर बंदूक घेऊन बाजारात येणारा माणूस कोणावर चालून येत आहे, असा अर्थ कोणी काढत नसे. आपल्या घरादाराचे रक्षण करण्यास आपण समर्थ आहोत, एवढेच त्यातून सूचित होई. जुन्या तोड्याच्या बंदुकांची जागा आता पाठीमागून काडतूस भरण्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलींनी घेतली होती. ही रायफल लांबवर अचूक मारा करी. तिने प्रत्येक टोळीचे बळ वाढविले आणि प्रत्येक शासकाची काळजीही.

या रायफली येत होत्या मस्कतहून. युरोपातील कारखान्यांतून आणि सैन्याच्या जुन्या साठ्यांतून निघालेली शस्त्रे तेथे उतरत. फ्रान्सचा मस्कतशी १८४४ पासून व्यापारी तह होता. त्याच्या आधारे फ्रेंच व्यापाऱ्यांना तो धंदा खुलेपणाने करता येई आणि ब्रिटिशांचे हात बांधलेले राहत. मस्कतहून लहान गलबतांनी माल मकरानच्या किनाऱ्यावर जाई. तेथे अफगाण काफिले वाट पाहत थांबलेले असत. उंटांवर लादलेल्या रायफली अफगाणिस्तानमार्गे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील पठाण टोळ्यांच्या हाती पडत. १८९७ च्या तिराह मोहिमेत सरहद्दीवरील टोळ्यांचा मारा किती घातक असू शकतो, हे ब्रिटिश फौजेने अनुभवले होते. आखातातील शस्त्रव्यापार बंद पाडणे हा म्हणूनच हिंदुस्थान सरकारच्या दृष्टीने सरहद्दीच्या सुरक्षिततेचा प्रश्न बनला. १९०२ मध्ये किनाऱ्यावरील शेखांकडून शस्त्रांच्या आयात-निर्यातीवर बंदी घालणारे करार लिहून घेण्यात आले. दुबईच्या वतीने तो करार शेख मक्तूम यांनी केला होता. त्याचे पालन करण्याची जबाबदारी वारशाने शेख बुट्टी यांच्याकडे आली.

ही जबाबदारी पार पाडणे सोपे नव्हते. विक्रीसाठी आलेली बंदूक आणि घरात बाळगलेली बंदूक यांतील रेषा कागदावर स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात दोन्ही बंदुका एकाच कोठीत, एकाच खुंटीला टांगलेल्या असत. शेखांनी व्यापाऱ्यांवर फार कडक हात उगारला, तर बंदराचे उत्पन्न देणारी हीच मंडळी गलबते घेऊन शेजारच्या बंदरात जाण्याचा धोका होता. आणि प्रजेच्या घरातील शस्त्राला हात घालणारा शेख प्रजेच्या लेखी शेख उरत नसे.

१९०९ पासून ब्रिटिश आरमाराने आखातात नाकेबंदी सुरू केली. रिअर अॅडमिरल एडमंड स्लेड हे ईस्ट इंडीज आरमाराचे प्रमुख होते. बुशहरचे रेसिडेंट होते पर्सी कॉक्स. समुद्रात गलबते अडवून तपासणी करण्यापुरता हा बंदोबस्त होता, तोवर किनाऱ्यावरील कुरबुर आटोक्यात राहिली. डिसेंबर १९१० मध्ये मात्र दुबईतील काही घरांत शस्त्रसाठा असल्याची खबर मिळाली आणि शोध समुद्रावरून जमिनीवर आला.

२४ डिसेंबर १९१० रोजी पहाटे ‘हायसिंथ’ या युद्धनौकेवरून सुमारे शंभर सैनिक कॅप्टन डिक यांच्या नेतृत्वाखाली दुबईच्या किनाऱ्यावर उतरले. गाव अजून पुरते जागे झाले नव्हते. घरांची झडती सुरू झाली. शेखांना आगाऊ सूचना कितपत मिळाली आणि त्यांची संमती होती का, याविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे कधीच जुळले नाही. अरब घरात अंतःपुराची मर्यादा असते. पाहुणासुद्धा दारातून हाक दिल्याविना आत पाऊल टाकत नाही. अशा घरांत परके सशस्त्र सैनिक शिरल्याची वार्ता गल्लीबोळांतून पसरली तेव्हा काय होणार, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नव्हती. लोक बंदुका घेऊन बाहेर पडले. गोळीबार सुरू झाला. आपले सैनिक कोंडीत सापडल्याचे पाहून नौकेवरील तोफांनी गावावर मारा केला. लढाई थांबली तेव्हा दुबईचे सदतीस लोक मृत्युमुखी पडले होते. ब्रिटिशांकडील पाच जण दगावले आणि नऊ जखमी झाले.

त्या दिवसाचे सर्वांत मोठे ओझे शेख बुट्टी यांच्या शिरावर पडले. गावात घरोघरी शोक होता, संताप होता आणि समोर समुद्रात युद्धनौका उभ्या होत्या. प्रजेचे ऐकून लढाई पुढे नेली असती तर लाकडी गलबतांचे आणि खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांचे हे बंदर तासाभरात भस्मसात झाले असते. ब्रिटिशांपुढे निमूटपणे मान तुकवली असती तर टोळ्यांमधील त्यांचा शब्द कायमचा हलका झाला असता. शेजारच्या शेखांचेही या प्रकरणावर बारीक लक्ष होते, कारण आज दुबईवर आलेली वेळ उद्या शारजा किंवा अजमानवर येणार, हे त्यांना दिसत होते.

अॅडमिरल स्लेड आणि कॉक्स यांनी कठोर अटी पुढे केल्या. चांगल्या स्थितीतील चारशे रायफली जमा कराव्यात, पन्नास हजार रुपये दंड भरावा, तसेच दुबईत ब्रिटिश एजंटला राहू द्यावे आणि तारकचेरीला जागा द्यावी, असा त्यांचा आशय होता. शेख बुट्टी यांनी या अटींची मनातल्या मनात दोन गटांत विभागणी केली असावी, असे त्यांच्या वर्तनावरून दिसते. रुपये आणि रायफली त्यांनी दिल्या. पैसा मोत्यांच्या पुढच्या हंगामात पुन्हा येतो, बंदूक पुन्हा विकत घेता येते. परक्या सत्तेचा अधिकारी कायमचा गावात येऊन बसला, तर तो परत जात नाही. त्या अटीला त्यांनी रुकार दिला नाही. पुढे वरिष्ठ सरकारनेही तो आग्रह सोडून दिला, कारण एका झडतीतून एवढा रक्तपात व्हावा, ही गोष्ट लंडन आणि कोलकाता येथील धुरीणांनाही अडचणीची वाटत होती. ब्रिटिशांची राजकीय एजन्सी दुबईत आली ती थेट १९५४ मध्ये.

याच काळात मुंबई इलाख्यातही शस्त्राचा प्रश्न धगधगत होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना बंदूक बाळगणे गुन्हा ठरविले होते आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. या भेदाविरुद्ध काँग्रेसच्या अधिवेशनांत वारंवार ठराव होत. हायसिंथ प्रकरणाच्या सुमारे एक वर्ष आधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक त्यांच्या हाती होते. नाशिक आणि दुबई यांची परिस्थिती अगदी वेगळी होती. तरीही दोन्हीकडे एकच साम्राज्य, ज्यांना त्याने कधी विश्वासात घेतले नव्हते अशा लोकांच्या घरांत शस्त्रे शोधत होते. मराठी वाचकाला दुबईचा तो प्रसंग परका वाटत नाही, याचे कारण हे साम्य होय.

शेख बुट्टी यांना त्यानंतर जेमतेम दोन वर्षांचे आयुष्य लाभले. मोत्यांचा धंदा तेजीत होता आणि गाव पुन्हा उभे राहिले. १९१२ मध्ये मस्कतच्या सुलतानांनी शस्त्रांसाठी सरकारी वखार सुरू केली. मकरानला जाणारा शस्त्रांचा ओघ त्यानंतर आटत गेला. ज्यासाठी दुबईत सदतीस माणसे बळी गेली, तो व्यापार अखेर एका वखारीच्या नियमांनी आणि फ्रान्सशी झालेल्या वाटाघाटींनी आवरला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेख बुट्टी यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर शेख सईद बिन मक्तूम गादीवर आले आणि त्यांनी १९५८ पर्यंत राज्य केले.

चारशे रायफली घेऊन युद्धनौका निघून गेल्या, म्हणून दुबईतील माणसाने बंदूक खाली ठेवली नाही. ती खाली ठेवली गेली पुढे कित्येक दशकांनी, आणि वेगळ्या मार्गाने. १९५१ मध्ये किनाऱ्यासाठी ट्रुशियल ओमान लेव्हीज हे दल उभे राहिले आणि वाळवंटातील वाटा सुरक्षित होऊ लागल्या. १९५६ मध्ये देरा येथील नाइफ किल्ल्यात दुबई पोलीस दलाची स्थापना झाली. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातींचा संघ जन्माला आला आणि १९७६ मध्ये अमिरातींच्या फौजा एकत्र झाल्या. रक्षणाची हमी देणारी, स्वतःची म्हणावी अशी सत्ता दिसल्यावर घरातील बंदुकीचे प्रयोजन आपोआप उरले नाही.

आज या देशात शस्त्राचा कायदा अत्यंत कडक आहे. २०१९ च्या संघीय शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना बंदूकच काय, दारूगोळा बाळगणेही गंभीर गुन्हा ठरतो. शेख बुट्टी यांच्या हयातीत रिव्हॉल्व्हरचे मॅग्नम काडतूस अस्तित्वातही नव्हते. ते १९३५ मध्ये अमेरिकेत आले. कोटाच्या खिशात मावणारे आखूड नळीचे मॅग्नम रिव्हॉल्व्हर अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत सामान्य नागरिक कायदेशीरपणे जवळ बाळगतो. अमिरातीत रात्री उशिरा कामावरून घरी परतणाऱ्या माणसाला त्याची आठवणही होत नाही. ही निर्धास्तता तोफांच्या धाकाने आलेली नाही. नाइफचा किल्ला आज संग्रहालय म्हणून उभा आहे. देराच्या गर्दीतून त्याच्या भिंतीजवळून जाणाऱ्याला, शेख बुट्टी यांनी ज्या गावासाठी चारशे रायफली सोडल्या पण परक्या अधिकाऱ्याला जागा दिली नाही, ते गाव हेच, एवढे ठाऊक असावे.