लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (१ जून १८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) या मराठीतील आत्मचरित्रकार व कवयित्री होत्या. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मकथन मराठी आत्मचरित्रांमध्ये अग्रगण्य मानले जाते. ते १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे पती होत. (लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे वेगळे, आडनावाच्या साम्यामुळे विद्यार्थ्यांचा अनेकदा घोटाळा होतो.) कोणतेही शालेय शिक्षण न मिळालेल्या या स्त्रीने आपला संसार, आपली माणसे आणि आपण राहिलो ती गावे यांच्या आठवणी बोलल्यासारख्या साध्या भाषेत लिहिल्या. एका विलक्षण विवाहाचे इतके निर्मळ आणि मिस्कील चित्रण मराठीत दुर्मिळ आहे.

जन्म व बालपण

लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळ गोदावरीच्या काठी असलेल्या जलालपूर या गावी झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात त्यांना मनू म्हणत. १८५७ च्या उठावात त्यांच्या आजोळच्या घरातील एका कर्त्या पुरुषाला फाशी झाली होती. या घटनेचा त्यांच्या वडिलांच्या मनावर खोल आघात झाला आणि त्यांना सोवळ्याओवळ्याने पुरते ग्रासले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. या वेडापायी घरातील बायकामुलांना अतोनात त्रास सोसावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी या दिवसांचे वर्णन केले ते मात्र कडवटपणाने नव्हे. भीती आणि गंमत यांची सरमिसळ त्यांनी अशी साधली आहे की वाचक हसता हसता त्या मुलीच्या कोंडमाऱ्याने अस्वस्थ होतो.

जातिभेद आणि स्पर्शास्पर्श यांचा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्याच्या केंद्रस्थानी आला. त्याचे बीज या बालपणात आहे, हे ध्यानात ठेवल्यास त्यांच्या चरित्राचा पुढील भाग नीट उलगडतो.

विवाह

१८८० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, मनकर्णिकेचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचे वय तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव हे त्यांचे जन्मगाव. बुद्धिमान, शीघ्रकवी, उदार, पण तितकेच तापट आणि लहरी असा त्यांचा स्वभाव होता. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टाकावा, रागाच्या भरात घर सोडून जावे आणि राग ओसरल्यावर परत यावे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला. नोकरीही एका जागी टिकत नसे. मुरबाड, वणी, नागपूर, राजनांदगाव असा त्यांचा संसार गावोगाव फिरत राहिला. आधीची अपत्ये अल्पायुषी ठरली. १८९१ मध्ये जन्मलेला देवदत्त हा मुलगा जगला.

लग्नानंतर लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती पतीकडूनच. टिळक शिकवताना चटकन संतापत. त्यामुळे अभ्यासात वारंवार खंड पडे. तरीही वाचनाची गोडी लागली आणि पाठांतराच्या व ऐकण्याच्या बळावर त्यांची भाषा घडत गेली. ओव्या, गाणी, म्हणी, कहाण्या आणि बायकांच्या बोलण्यातील ठसका हीच त्यांची खरी शाळा होती.

धर्मांतर आणि विरह

राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांचा संवाद झाला. त्याने त्यांना बायबलचा 'नवा करार' वाचावयास दिला. हिंदू समाजातील जातिभेदाने टिळक आधीच अस्वस्थ होते. या वाचनातून त्यांच्या मनाला वेगळी दिशा मिळाली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

या बातमीने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या वेळी त्या माहेरच्या नातेवाइकांकडे होत्या. पती जिवंत असून सहवास अशक्य, अशी त्यांची स्थिती झाली. त्या काळच्या समाजनियमांप्रमाणे धर्मांतरित पतीच्या घरी जाणे म्हणजे स्वतः वाळीत पडणे होते आणि न जाणे म्हणजे जन्मभर एकटे राहणे. नातेवाइकांनी त्यांना आधार दिला, त्यांच्यावर पहाराही ठेवला. काही काळ त्या पंढरपूरला राहिल्या. याच विरहाच्या काळात दुःख हलके करण्यासाठी त्यांनी पद्यरचना केली. दुसरीकडे टिळकांची पत्रे येत राहिली. आपला धर्म पत्नीवर लादायचा नाही, या भूमिकेवर ते ठाम होते.

सुमारे पाच वर्षांच्या या ताटातुटीत दोघांनीही एकमेकांना सोडले नाही, हे विशेष. पुनर्विवाह करणे किंवा कायद्याने फारकत घेणे टिळकांना शक्य झाले असते. लक्ष्मीबाईंनाही माहेरच्या आश्रयाने आयुष्य काढता आले असते. अखेरीस मुलाला घेऊन त्या अहमदनगरला पतीकडे गेल्या. मात्र धर्म आपला आणि सोवळे आपले, ही अट त्यांनी कायम ठेवली. एकाच कुटुंबात दोन धर्म आणि दोन चुली अशी ती राहणी होती. टिळकांनी ती मान्य केली.

विचारांतील परिवर्तन

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन एखाद्या प्रवचनाने किंवा कोणाच्या आग्रहाने झाले नाही. ते पाण्याच्या घागरीपासून सुरू झाले. परक्या वस्तीत, प्रवासात आणि आजारपणात सोवळे सांभाळणे दिवसेंदिवस अवघड होत गेले आणि त्या स्वतःशी विचार करू लागल्या. ईश्वराने पशूंमध्ये व पक्ष्यांमध्ये भेद केले ते डोळ्यांना दिसतात. गाय आणि घोडा यांत कोणी गफलत करीत नाही. मग माणसांतील जात ईश्वराने निर्माण केली असेल, तर ती अशी उघड का दिसत नाही? या साध्या तर्कावरून जात ही माणसानेच केलेली गोष्ट आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही, असे ठरवले. धर्मांतर हा त्यापुढचा टप्पा होता. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांनी आधी जातिभेद सोडला आणि मग नवा धर्म स्वीकारला. पतीच्या मागोमाग निमूटपणे गेलेली पत्नी, असे त्यांचे वर्णन त्यामुळे अपुरे ठरते. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या आणि त्या कालांतराने एकत्र आल्या.

अहमदनगर व राहुरी

यानंतरची वर्षे प्रामुख्याने अहमदनगर आणि राहुरी येथे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळाने आणि प्लेगच्या साथीने हा प्रदेश पोळून निघाला होता. लक्ष्मीबाईंनी निराधार मुलांना घरात घेतले आणि प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. जन्माने सोवळ्यात वाढलेली ही स्त्री आता साथीच्या रुग्णांच्या उशाशी बसत होती. घरात मुलांचा आणि पाहुण्यांचा राबता असे, पैशाची कायमची ओढाताण असे. किती पाने वाढायची हे जेवणाच्या वेळेपर्यंत ठाऊक नसे, कारण टिळक वाटेत भेटलेल्या कोणालाही घरी घेऊन येत.

टिळक हे फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. जखमी पक्षिणीवरील 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता अनेक पिढ्यांनी शाळेत अभ्यासली आहे. फूल, पाखरू आणि मूल यांच्याविषयीचा हा जिव्हाळा घराचा खर्च भागवीत नसे. तो भार लक्ष्मीबाईंवर पडे. कवीच्या करुणेची ही दुसरी, संसारी बाजू त्यांच्या लेखनातून कळते.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, वास्तव्यास होते. खानदेशातील धरणगावी जन्मलेल्या या तरुण कवीला टिळकांनी आपल्याजवळ आणले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलाप्रमाणे सांभाळले. बालकवींचा रुसवा, भित्रेपणा आणि निरागसता यांचे त्यांनी केलेले चित्रण बालकवींच्या चरित्राचे एक मोलाचे साधन ठरले आहे. १९१८ मध्ये बालकवींचा रेल्वेखाली सापडून मृत्यू झाला. त्यानंतर एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, नारायण वामन टिळक यांचे मुंबईत निधन झाले.

लेखन

'स्मृतिचित्रे'चा उगम टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी जमवण्याच्या प्रयत्नात आहे. देवदत्त टिळक यांच्या आग्रहाने लक्ष्मीबाई लिहू लागल्या आणि पतीचे चरित्र लिहिता लिहिता त्यांचे स्वतःचे चरित्र आकाराला आले. ग्रंथाची काही वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात.

विनोद : पती, सासर, माहेर, मिशनरी मंडळी आणि स्वतः लेखिका यांपैकी कोणीही या विनोदातून सुटत नाही. सर्वांत जास्त थट्टा त्यांनी स्वतःची केली आहे. विनोदामागे दुःख असते, पण ते सहानुभूतीची याचना करीत नाही.

पतीचे चित्र : टिळकांचा संताप, विसराळूपणा आणि व्यवहारशून्यता लक्ष्मीबाईंनी लपवली नाही. त्याचबरोबर त्यांचा मोठेपणाही कमी केला नाही. पतीला देवत्व न देता त्याच्यावर निस्सीम प्रेम करता येते, हे त्या काळातील स्त्रीने जाहीरपणे लिहिणे धाडसाचे होते.

स्थळे : जलालपूरचा नदीकाठ, नाशिक, पंढरपूर, नगर, राहुरी, उन्हाळ्यातील महाबळेश्वर आणि पुढील आयुष्यातील कराची ही ठिकाणे ग्रंथात सजीव होतात. लांबलचक निसर्गवर्णने मात्र नाहीत. त्या त्या गावचे पाणी, वाटा, शेजार आणि माणसे यांतून गाव उभे राहते.

भाषा : वाक्ये छोटी, घरगुती आणि थेट आहेत. संस्कृतप्रचुर ग्रंथिक मराठीचा पगडा असलेल्या काळात ही बोली वाचकांना नवी वाटली आणि आजही ती शिळी झालेली नाही.

'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रावरील महाकाव्य टिळकांच्या निधनामुळे सुरुवातीच्या काही अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. पुढील चौसष्ट अध्याय रचून लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. त्यांच्या कवितांचा संग्रह 'भरली घागर' या नावाने प्रसिद्ध आहे. 'करंज्यात मोदक' ही त्यांची कविता संसारातील प्रसंगावर बेतलेली असून विशेष लोकप्रिय आहे.

निधन व वारसा

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. जलालपूरपासून सुरू झालेला प्रवास अनेक गावे फिरून पुन्हा गोदावरीच्या परिसरातच संपला.

'स्मृतिचित्रे'चा जोसेफिन इंकस्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शांता गोखले यांनीही या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. विजया मेहता यांनी या ग्रंथावर आधारित चित्रपट दिग्दर्शित केला असून त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली आहे. ग्रंथाचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेले संपूर्ण रूपही उपलब्ध आहे.

महाराष्ट्रातील स्त्रीजीवन, धर्मांतर, जातिव्यवस्था, दुष्काळ व प्लेग यांचा अभ्यास करणाऱ्यांना 'स्मृतिचित्रे' हे विश्वसनीय साधन वाटते. सामान्य वाचक मात्र ते दोन भिन्न स्वभावांच्या माणसांच्या संसाराची कथा म्हणून वाचतो. धर्माने, समाजाने आणि दारिद्र्याने वेगळे करू पाहिलेले हे दांपत्य एकमेकांचे मत न मोडता एकत्र राहिले. लक्ष्मीबाईंनी तो संसार जसा होता तसा, भांडणांसह आणि हसण्यासह, लिहून ठेवला.